खाडीपलीकडे कायदा नाही

गिरगाव, मुंबई
मे १९३१

प्रिय दत्तू,

कमळ सुखरूप आहे. हे आधी लिहिते, कारण तू तिचा बाप आहेस आणि इतके दिवस तुझ्या घशाखाली घास उतरला नसणार हे मला कळतं. ती जेवते, झोपते, आता थोडं हसतेही. तुझ्यासाठी माझ्याजवळ उरलेली माया एवढीच. यापुढे जे लिहिणार आहे ते रागानं लिहिणार आहे, आणि ते तू शेवटपर्यंत वाचलंच पाहिजेस.

गेल्या वर्षी रेवदंड्याच्या वाळूत तू काहील ठेवून खारं पाणी आटवलंस, तेव्हा कमळ माझा हात धरून उभी होती. पोलिसांनी काहील लवंडली, तुझ्या मनगटावर काठी बसली, तरी तू मूठ उघडली नाहीस. परक्यानं केलेला कायदा मुकाट्यानं पाळणारा माणूस मोकळा नसतो, असं तू ओरडून सांगत होतास. पोर रडली नाही. पुढचे दहा महिने तू तुरुंगात होतास आणि ती रोज शाळेतून आली की टकळी घेऊन बसायची. बाबा सुटले की त्यांना माझ्या सुताचा सदरा, म्हणायची. मीही तेव्हा तुझ्यावर जीव टाकला होता. मिठाचा कायदा जुलमाचाच होता, आजही माझं तेच म्हणणं आहे. तेव्हा मी सरकारची भाट झाले असं समजून हे पत्र फेकून देऊ नकोस.

फाल्गुनात तू सुटून आलास. गावानं मिरवणूक काढली, बायकांनी ओवाळलं. मग वैशाखात एक दिवस तू म्हणालास, नांदगावच्या गणपतीला नवस बोललोय, कमळला घेऊन जाऊन येऊ, अक्का तूही चल. मी आनंदानं निघाले. शाळेला सुट्टी होती. होडीत पोर पाण्यात हात बुडवून बसली होती. साळावच्या काठावर उतरलो, कमळ शिंपले वेचायला पुढे पळाली, तेव्हा तू मला बाजूला घेतलंस. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "अक्का, इथून पुढे नबाबाचा मुलूख. शारदा कायदा इथं लागत नाही. परवा नांदगावला कमळचं लग्न आहे."

मला आधी वाटलं, तू थट्टा करतोयस.

नवरा मुलगा तिशी ओलांडलेला, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. मोठी वाडी आहे, माणूस देशभक्त आहे, अंगावर विलायती दोरा नाही, असं तू मला सांगत होतास. मी म्हटलं, दत्तू, पोर दहा वर्षांची आहे, कायदा चौदा म्हणतो. त्यावर तू जे व्याख्यान दिलंस ते एखाद्या सभेत शोभलं असतं. आमच्या देवघरात, आमच्या माजघरात काय चालावं हे गोऱ्यानं का ठरवायचं? आज मीठ, उद्या लग्न, परवा श्राद्ध! हा कायदा मोडणं हेसुद्धा स्वराज्यच आहे. मी विचारलं, आणि पोरीचं स्वराज्य? तेव्हा तुझा आवाज खाली आला. मला पुन्हा धरून नेलं तर या आईवेगळ्या पोरीचं कोण, म्हणालास. मी म्हटलं, मी आहे. तू म्हणालास, "तू बाईमाणूस, अक्का."

दहा महिने तिच्या तापात उशाशी कोण बसलं होतं रे? तुझी वाडी कुणी शिंपून घेतली? फौजदार झडती घ्यायला आला तेव्हा दारात उभं राहून त्याला उलट कोण बोललं? बाईमाणूसच ना?

पोरीला सोडवेना म्हणून मी पुढे आले, आणि दुसऱ्या दिवशी नांदगावला त्या मुलाच्या घरात बायकांनी कमळला खादीचं लुगडं नेसवून बघितलं. ते जाड लुगडं तिला पेलेना. काष्ट्याचा बोंगा झाला, पायात निऱ्या अडकून ती उंबऱ्यावर आपटली आणि गुडघा फुटला. बायका हसल्या. ओटीवरून तुझा आवाज येत होता. तू मुलाकडच्यांना तुरुंगातल्या हकिगती सांगत होतास. मी तिचा गुडघा धुतला. तिनं विचारलं, "आत्या, लग्न झालं की मी चौथीत जायचं ना?" दत्तू, त्या घरात त्या दिवशी सगळे मोकळे होते. तू मोकळा, नवरा मोकळा, भटजी मोकळा. कुणाच्या पाठीवर कायद्याची काठी नव्हती. आणि तुमच्या त्या मोकळेपणाचा सगळा भार एका दहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर होता.

तू म्हणतोस, कायदा आहे तिथं माणूस मोकळा नाही. मग कायदा नाही तिथं काय असतं, हे तुला ठाऊक नाही का? मला नवव्या वर्षी उजवलं आणि बाराव्या वर्षी कुंकू पुसून घरी परत आणलं. तेव्हा कुठल्या सरकारचा हुकूम होता? न्हावी परसदारी येऊन बसला, तेव्हा तू सात वर्षांचा होतास. तू दाराला दोन्ही हात लावून उभा राहिलास, माझ्या अक्काला हात लावू नका म्हणून किंचाळलास. काकांनी तुला उचलून कोठीत कोंडलं. आत तू दारावर लाथा मारत होतास, आणि बाहेर माझे केस जमिनीवर पडत होते. ती रीत होती. तिच्यावर कुठल्या कचेरीत अपील करायचं होतं? पुढे मोठा झालास, सगळ्या जातीशी भांडून मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलंस, म्हणून आज मी मास्तरीण आहे आणि हे लिहू शकते. त्या दत्तूला मी गेले कित्येक दिवस शोधते आहे. नांदगावच्या ओटीवर तो नव्हता.

म्हणून मी केलं ते केलं. त्याच दुपारी पुरुषमंडळी जेवून लवंडली होती. कमळला देवळात नेते असं सांगून मी निघाले आणि वाटेत मिळाली त्या बैलगाडीनं मुरुड गाठलं. महेरुन्निसा तुला आठवत असेल, आपल्या शेजारच्या बंदरवाल्यांची. लग्न होऊन ती मुरुडला दिली आहे. तिनं मला काही विचारलं नाही. कमळला खीर दिली, दार लावलं आणि मला म्हणाली, "कृष्णा, तुजा भाऊ आला तं मी खोटा बोलनार न्हाय. पन बोट सुटल्याबगर त्योंडपन उघडनार न्हाय." सकाळी तिच्या दिरानं मचव्यातून आम्हाला आगबोटीवर पोचवलं. बोट हलली तेव्हा पोर कठड्याला चिकटून रडत होती. "बाबा मला शोधत असतील," म्हणत होती. तू तिला इतका आवडतोस, दत्तू. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

इथं बायकांच्या एका वसतिगृहात आहोत. आल्याबरोबर मी एका वकिलांना भेटले. ते सज्जन आहेत, त्यांनी स्पष्ट सांगितलं. तू पलीकडे नेऊन तिचं लग्न लावलं असतंस, तर इथला कायदा तुझ्या केसालाही धक्का लावू शकला नसता. मी मात्र अज्ञान मुलीला बापाच्या ताब्यातून पळवलं आहे. तो गुन्हा आहे, आणि मला त्यासाठी तुरुंग होऊ शकतो. पोरीला वाचवणारा कायदा खाडीच्या काठाशी थांबतो, आणि तिला बापाच्या हाती परत देणारा आगबोटीत बसून मुंबईपर्यंत येतो. हे ऐकून मी त्यांच्या कचेरीत मोठ्यानं हसले. ते घाबरले.

तर आता तुझ्यापुढे सोपा रस्ता आहे. फौजदाराकडे जा, फिर्याद लिहून दे. गेल्या वर्षी मॅजिस्ट्रेटपुढे मान ताठ ठेवून तू म्हणालास की मी हे कोर्ट मानत नाही. त्याच कोर्टात हात जोडून उभा राहा आणि सांग, साहेब, माझी मुलगी मला परत द्या, कायद्यानं ती माझी आहे. मी बचाव करणार नाही. गुन्हा केला, जाणूनबुजून केला, पुन्हा करीन, एवढंच सांगेन. कायदा मोडणाऱ्यानं लपून राहू नये, शिक्षा अंगावर घ्यावी, हे तूच गावाला शिकवलंस. मला ते पटलं होतं. म्हणून हे पत्र. आम्ही कुठं आहोत ते महेरुन्निसालाही मी सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे. फौजदाराला घेऊन आलास तर मी दारातच उभी असेन. एकटा आलास तर आत बस, चहा घे, आणि लग्न करायचं का हे कमळला स्वतःच्या तोंडानं विचार. तिला अजून कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही, ते तुझ्यासाठी ठेवलं आहे. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिला आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
कृष्णाअक्का