दोन चिकू आणि एक खोडलेलं नाव

॥ श्री ॥

तलासरी,
१६ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
मुक्ताचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. पत्र लिहायची पाळी तूच आणलीस. संक्रांतीला तिळगूळ घ्या म्हणायला फोन केला, तर बरा आहे, जेवलो, ठेवतो, एवढं बोलून तू मोकळा झालास. मी मोबाइलवर पाहिलं, बावीस सेकंद! रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण बहिणीशी अजून तू चालत्या गाडीतल्या टीसीसारखाच बोलतोस. म्हणून आता पत्र. कागदावर तरी तुला चार ओळी लिहाव्याच लागतील.

होळीला ललित गाडी घेऊन येणार आणि तुला कायमचा बडोद्याला नेणार, हे मला भाच्याकडून कळलं, भावाकडून नाही. त्याचं काही चूक नाही. नयनावहिनींना जाऊन दोन वर्षं झाली, तू एकटा, त्याला काळजी वाटणारच. पण तो म्हणाला, डहाणूत तुमचं आहे कोण, असं बाबांना विचारलं तर ते स्वतःच म्हणाले की कुणी नाही. दादा, चौतीस वर्षं त्या स्टेशनात काढलीस, अर्धा तालुका तुझ्यासमोरून गेला, आणि कुणी नाही? अजूनही कुणी गाव विचारलं की तू वाई सांगतोस. वाईला आता आपलं काय उरलंय, सांग बघू.

तेव्हा एक अट घालते. होळीपर्यंत दर आठवड्याला घराबाहेर पडायचं, एका तरी अनोळखी माणसाशी बोलायचं, त्याचं नाव विचारायचं आणि मला कळवायचं. एवढं करूनही तुझं तिथं कुणी नाही असं ठरलं, तर तुझी बॅग मी स्वतः भरून देईन, वर पापडही घालीन. आमचे हे सांगतायत की मुख्याध्यापिकेनं भावाला गृहपाठ देऊ नये. मी दिला.

लोभ आहेच, तो वाढू दे, आणि त्याबरोबर पत्राची लांबीही वाढू दे.

तुझी,
मुक्ता


॥ श्री ॥

डहाणू रोड,
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुरेख, आरोप खोटे. मी फोनवर कमी बोलतो कारण तू जास्त बोलतेस.

गृहपाठ सुरू केला आणि पहिल्याच दिवशी शोभा झाली. मंगळवारी संध्याकाळी स्टेशनावर गेलो. शटल आली, लोक पुलावरून उतरायला लागले. मी जिन्याखाली बाजूला उभा होतो. आता यात माझा दोष नाही, पण गर्दी उतरताना दिसली की माझा उजवा हात आपोआप पुढे होतो. तसा झाला. अंगावर नयनानं विणलेला तो जुना स्वेटर, दाढी दोन दिवसांची. घोलवडच्या चिकूवाड्यांतून काम करून परतणारी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरत होती. माझ्यासमोर थांबली, चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पाटीतले दोन चिकू काढून माझ्या तळहातावर ठेवले, खा म्हणाली आणि गेली.

पूल चढून त्या टोकाला पोचल्यावर मला उलगडा झाला. बाईनं मला भिकारी समजलं! ज्या जिन्याखाली माझ्या काळ्या कोटाला पाहून लोक खिसे चाचपायचे, तिथं मला भीक मिळाली. फार राग आला. घरी येऊन चिकू टेबलावर ठेवले आणि तासभर त्यांच्याकडे बघत बसलो. मग खाल्ले. गोड होते, हे मान्य करणं भाग आहे.

नाव विचारायचं राहूनच गेलं. ती कसर दुसऱ्या दिवशी काढायला गेलो. स्टेशनबाहेर शहाळीवाल्याला म्हटलं, नाव? गाव? वय? त्यानं कोयता खाली ठेवला, हात जोडले आणि हातगाडी ढकलत निघून गेला. मुक्ते, मला माणसांना नाव विचारण्याची एकच पद्धत येते, ती दंडाच्या पावतीवरची. ओळखीपाळखीचं सगळं खातं नयनाकडे होतं. बाजारात ती बोलायची आणि मी पिशवी धरायचो. कोळणी अजून मला नयनाबाईंचा माणूस म्हणतात, माझं नाव त्यांना ठाऊक नाही. उगाच म्हणालो नाही की माझं इथं कुणी नाही.

कळावे. यापेक्षा लांब पत्र मी रेल्वेलाही लिहिलेलं नाही.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

तलासरी,
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

चिकूंचं वाचून मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की वर्षा मॅडम पाणी घेऊन धावत आल्या. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की दाढी करून गेला असता तर एकच चिकू मिळाला असता.

आता मी नाव कसं विचारते ते ऐक. परवा शाळेसमोर हायवेवर एका ट्रकचं टायर फुटलं. दुसरं टायर येईपर्यंत ड्रायव्हर आमच्या खिडकीखाली सावलीत बसला. आत चौथीची मुलं तेराचा पाढा म्हणत होती आणि तेरा साते ब्याण्णव असं ठोकून देत होती. खिडकीतून एकदम आवाज आला, एकाणु, एकाणु! म्हणजे एक्क्याण्णव. गुजराती माणूस, मिशा केवढ्या, आणि पाढे पाठ. मुलांनी त्याला आतच बोलावलं. त्यानं गुजरातीत तीसपर्यंत पाढे म्हटले. मी नाव विचारलं नाही. आधी चहा दिला, मग माझं नाव सांगितलं, मग त्यानंच सांगितलं की तो जानीभाई, पालनपूरचा, आणि त्याची मुलगी गणितात नापास होते म्हणून तो गाडी चालवताना पाढे म्हणतो आणि घरी गेला की तिच्याकडून करून घेतो. कळलं का? आधी स्वतःचं काही द्यावं लागतं. वय तर विचारूच नये, बायकांना तर मुळीच नाही.

आणि एक सांगते, चेष्टा नाही. आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे तुझा तो दोन खोल्यांचा ब्लॉक. तलासरीहून एसटीत बसलं की तासाभरात मी कुणाची मॅडम नसते, कुणाची आई नसते. तू बडोद्याला गेलास की ते संपेल. ललितला हे मी सांगणार नाही, माझा भाऊ त्याचा बापही आहे. पण तुला माहीत असावं.

माया पातळ करू नकोस, दाढी मात्र वेळेवर कर.

तुझी,
मुक्ता


॥ श्री ॥

डहाणू रोड,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

माहेराबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. आता इकडे घडलं ते लिहितो.

तुझ्या सूचनेप्रमाणे दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नावं विसरायला नकोत म्हणून वही-पेन घेऊन एसटी स्टँडवरच्या बाकावर बसलो. तिथंच चूक झाली. शेजारी एक म्हातारा होता. मी आधी माझं सांगणार होतो, पण तोंडातून सवयीनं आलंच, नाव, गाव, वय. तो घाबरला नाही. शांतपणे म्हणाला, पांड्या, रानशेत, वय तूच लिही. मग प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो असं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्यामागे एक बाई उभी राहिली. बाईमागे आणखी दोघं. मी नीट सांगेपर्यंत सात जणांची रांग लागली होती. इस्त्रीचा शर्ट, वही, पेन आणि गाव विचारणारा माणूस, म्हणजे कचेरीतलाच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मी उभा राहून जाहीर केलं की मी कुणीही नाही. रांग हलली नाही. पांड्या म्हणाला, कुणी नाय तं नाय, वाचता येतं नं, मंग वाच. आता वाचता येत नाही असं कसं म्हणू? त्याचा कागद वाचला. पेन्शनच्या अर्जावर जन्मसाल चुकलं होतं म्हणून तो तीनदा हेलपाटा घालून परत गेला होता. दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला आणि कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगितलं. मग बाकीच्यांचं. दुपारचे दोन वाजले, जेवण राहिलं. फॉर्म भरण्यात माझा हात कोण धरणार, मुक्ते! शेवटच्या बाईनं, संगितानं, पानात गुंडाळलेली भाकरी पुढे केली. या वेळी मी भिकाऱ्यासारखा दिसत नव्हतो, तरी घेतली.

आता आठवड्यातून तीन दिवस तिथं बसतो. वहीत एकतीस नावं झाली आहेत. पण भ्रमात राहू नको. ही कामापुरती माणसं आहेत, काम झालं की गेली. चिकूवाली काही परत दिसली नाही. दिसली तर तिला सांगायचं आहे की मी भिकारी नाही. ललितचा फोन होता, १२ मार्चला येतो म्हणाला. बॅग काढून ठेवली आहे.

आशीर्वाद आहेतच, त्यांना तिकीट लागत नाही.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

तलासरी,
२५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

एकतीस नावं! तुझ्या लग्नात आपल्याकडून एवढी माणसं नव्हती.

ललितचा मलाही फोन आला. बाबा दुपारी फोन उचलत नाहीत, बरे आहेत ना, असं विचारत होता. मी म्हटलं, तुझे बाबा ड्यूटीवर असतात. तो काळजीत पडला, त्याला वाटलं की तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी आणखी काही सांगितलं नाही. तो आला की त्याला बाकावर घेऊन जा, एवढंच. मग तुम्ही बापलेक ठरवाल ते. मी रडणार नाही, असं म्हणत नाही. होळीला पुरणपोळ्या पाठवते, तिघांच्या हिशेबानं. तिसरा कोण ते तू शोध.

जिथं राहशील तिथून मला विसरू नकोस.

तुझी,
मुक्ता


॥ श्री ॥

डहाणू रोड,
१७ मार्च २०२५

चि. सौ. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पुरणपोळ्या पोचल्या. ललित आल्या आल्या कामाला लागला. माझे कपडे घड्या करून बॅगेत भरले, नयनाचा फोटो टॉवेलमध्ये गुंडाळला. दुसऱ्या दिवशी होळी, बाजाराला हीऽ गर्दी. मी म्हटलं, लोकांना सांगून येतो की उद्यापासून मी नाही. तोही बरोबर आला.

बाकावर दोन बायका आधीच बसलेल्या. त्यातली एक चिकूवाली! मी माझं भाषण सुरू करणार, तोच तिनं दुसरीला कोपरानं ढोसलं. दुसरी मला पाहून तिच्या मागे सरकली. चिकूवाली म्हणाली की मी रूपी, ही शेजारीण सोमी, दोघी रानशेतच्या. पांड्यानं पाड्यात सांगितलं की जुना टीसी स्टँडवर बसून नावं लिहितो, म्हणून आल्या. काम एकच, सोमीचं नाव खोडायचं.

मला काही कळेना. मग सगळं बाहेर आलं. बारा वर्षांपूर्वी खिडकीवर रांग होती म्हणून रूपी बिनतिकीट शटलमध्ये चढली आणि मी धरली. मी नाव विचारलं. तिला वाटलं की आता पोलीस पाड्यात येणार, म्हणून तोंडाला आलं ते शेजारणीचं नाव सांगितलं. मी ते वहीत लिहिलं, चार शब्द सुनावले आणि घोलवडला सोडून दिलं. मला यातलं अक्षर आठवत नाही. रूपीनं घरी जाऊन सोमीला खरं सांगितलं, आणि त्या दिवसापासून सोमी रेल्वेत चढलेली नाही! बारा वर्षं घोलवडच्या वाडीवर कामाला जाते ती चिखले गावाच्या रस्त्यानं टमटममधून, धक्के खात. का, तर टीसीच्या वहीत तिचं नाव आहे.

ती वही कधीच रद्दीत गेली असेल, हे सांगून तिचं समाधान झालं नसतं. मी आत्ताच्या वहीचं शेवटचं पान काढलं. त्यावर लिहिलं, सोमी. तिच्यासमोर दोन आडव्या रेघा मारून खोडलं, खाली सही केली, तारीख घातली. तिला अक्षर येत नाही, पण रेघा कळल्या. तिनं त्या बोटानं चाचपून पाहिल्या आणि मग अशी हसली की रांगेतले सगळे हसले.

मग मी रूपीला म्हटलं, त्या दिवशी तू मला भिकारी समजलीस. ती म्हणाली, छट, मी तं वळखला तुला. जिन्याखाली तसाच हात काढून उभा होतास. पण लय वाळला होतास, बायको गेली नं तुजी, म्हनून दिलं चिकू. मुक्ते, मी म्हणत बसलो होतो की इथं मला कुणी ओळखत नाही, आणि ही बाई बारा वर्षं माझं तोंड लक्षात ठेवून होती. नयना गेली हेही तिला बाजारात कोळणींकडून कळलं होतं.

मी पेन खिशाला लावत होतो, तर तिनं वहीवर बोट ठेवलं. सगळ्यांचं लिवतोस, म्हणाली, तुजा नाव काय? चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, कोटावर नावाची पट्टी असायची. मी म्हटलं, वासुदेव. ती माझ्यासारखीच पुढचं विचारती झाली, गाव कंचा?

मी म्हटलं, डहाणू.

विचार करून नाही म्हटलं. तोंडातून निघालं ते निघालं. वाई आठवलीसुद्धा नाही. ललित शेजारीच उभा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं. रांग मोठी होती, तर तोही फॉर्म भरायला बसला. अक्षर वाईट आहे त्याचं, तुला सांगून ठेवतो. घरी आल्यावर त्यानं बॅग उघडली, माझे कपडे एकेक करून कपाटात लावले आणि नयनाचा फोटो पुसून परत खिळ्याला टांगला. मग म्हणाला की दर महिन्याला मीच येईन, पण फोन उचलत जा.

तिसऱ्याच्या हिशेबाच्या पोळ्या रूपी आणि सोमीला दिल्या. शनिवारी दोघी घोलवडला शटलनं गेल्या. सोमीला खिडकीजवळ बसवली होती. तिनं तिकीट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि गाडी सुटल्यावर मला प्लॅटफॉर्मवर उभा बघून ते उंच करून दाखवलं.

परीक्षा संपल्या की माहेरपणाला ये. आणि येण्याआधी फोन कर, मी सावकाश बोलेन.

तुझा,
दादा