पाच वेळा काहून

माय, तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायचं मला आता सुचतंय, तेही अंगाशी आल्यावर. अकोल्याच्या ज्या दालमिलमध्ये तू डाळ निवडायचीस, तिथेच मी सुपरवायझर आहे. तू असतीस तर गल्लीभर पेढे वाटले असतेस.

यंदा मालकांनी पुण्याहून एक सर बोलावले, जपानी लोकांची कायझन नावाची रीत शिकवायला. रोज थोडं थोडं सुधारायचं, बिनकामाचं हटवायचं, आणि काही बिघडलं तर माणसावर खेकसायचं नाही, पाच वेळा 'का', म्हणजे आपलं 'काहून', विचारत मुळापर्यंत जायचं. मला तर वेडच लागलं. घरीसुद्धा रोज डबे इकडचे तिकडे करतो. बायको म्हणते, "तुमाले दोन घडी बसवत नाही काय?" नाहीच बसवत.

त्याच झपाट्यात चाळणीच्या पट्ट्याजवळ मळका बारदाना दिसला, पट्ट्यापुढच्या जाळीच्या फटीत कोंबून सुतळीनं बांधलेला. मी तो उपटायला लागलो तर तुझ्या जोडीला बसायची ती दर्यापूरची मावशी धावत आली. "राहू दे ना बापा! तुही माय बांधून गेली थे. तिचा पदर गेल्ता एकडाव अंदर." मला आठवलंसुद्धा, एका संध्याकाळी तू फाटक्या पदराला टाके घालत होतीस आणि विचारलं तर "काई नाई रे" म्हणालीस. तरी मी हसलो. "मावशी, ते दिवस गेले," म्हटलं आणि बारदाना फेकून दिला. अगं, कोणी न शिकवता तू सुधारणा करून गेली होतीस, आणि मी शहाणा ती कचऱ्यात टाकतोय!

तिसऱ्या दिवशी त्याच फटीतून मावशीचा पदर पट्ट्यात गेला. सोडवायला गेली तर उजवं मनगट मोडलं.

मालक म्हणाले, बाईची चूक असेल तर तिला परत घ्यायचं नाही. रिपोर्ट मीच लिहिला. मनगट काहून मोडलं? पदर अडकला. पदर काहून अडकला? सैल होता. तिथेच थांबलो, माय. पुढचा काहून विचारला असता तर उत्तरात माझंच नाव आलं असतं.

काल कागद घेऊन दवाखान्यात गेलो. मावशीनं डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. काय लिहिलंय, विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "तू लिवलं म्हंजे बराबरच असन."

उद्या तो कागद मालकांकडे द्यायचाय. तो फाडून टाकला असं तुला लिहायला बसलो होतो, पण फाडलेला नाही.