शौक म्हणून अजिंठ्यापर्यंत

दादा,

मी तुमचा धाकटा मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, पन्नाशी ओलांडलेला, जुन्या जालन्यातल्या एका अडत दुकानाचा हिशेबनीस. निजामाच्या राजवटीत, मी लहान असताना, तुम्ही आम्हाला जालन्याहून अजिंठ्यापर्यंत पायी नेलेत. त्याविषयीचे माझे मत तुम्हाला कळवावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे. ते मत चांगले नाही.

तुम्ही निजामाच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होता. तुमचा साहेब हिवाळ्यात निव्वळ हौसेने कोसच्या कोस चालतो, हे पाहून तुम्हीही चालायचे ठरवलेत. शेरवानी, बूट, हातात वेताची छडी. पेठेतून निघालात ते सगळ्यांना दिसेल असे. सरकारी मोटारीचा रस्ता नको म्हणून टेंभुर्णीची आडवाट धरलीत. पीठ, तवा आणि अंथरुणे आईच्या डोक्यावर होती. प्रत्येक मुक्कामी तुम्ही झाडाखाली पाय पसरून सूर्यास्ताची तारीफ करायचात आणि ती चुलीसाठी दगड शोधायची. सुट्टी तुमची होती, दादा. तिची चूल फक्त गाव बदलत होती.

टेंभुर्णीत एका शेतकऱ्याच्या ओसरीवर आपण टेकलो आहोत. आईच्या टाचा फुटून रक्त येते आहे. घरची म्हातारी गरम पाण्याचा तांब्या घेऊन येते. देवाला चालत निघालेल्या बाईचे पाय धुवायची तिथे रीत आहे.

“कोन्त्या देवाचा नवस, बाई?”

“नवसबिवस काही नाही,” तुम्ही मध्येच बोलता. “शौक म्हणून चालतो आहोत.”

“शौक?” म्हातारी तांब्या तसाच धरून ठेवते. “ऐकलं का गं सूनबाई? लेकराबाळांचे पाय फोडू राह्यले, अन् म्हनत्यात शौक!”

सगळी ओसरी हसते. तुमची मान छडीकडे वळते. तेवढ्यात पदराआडून आई म्हणते, “नवस हाय. धाकट्यासाठी.”

पाणी पडले. पाय धुता धुता म्हातारीने विचारले, “मंग वहाणा कशा पायात, माय? नवसाला अनवाणी जावं लागतं.”

सकाळी आई अनवाणी निघाली. “अगं, पाण्यापुरतं बोललीस ना? घाल आता,” तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, “लेकराचं नाव घेतलंय. आता न्हाई घालत.” तिच्या लेखी माझा जीव त्या वाटेला बांधला गेला होता. तुम्ही तिच्या वहाणा गाठोड्यात टाकल्यात आणि तुमचे बूट वाजवत पुढे झालात. अजिंठ्याला तिने एकही चित्र पाहिले नाही. निजलेल्या बुद्धाच्या पायाशी नारळ ठेवला. पहारेकरी हसला, आणि त्याच्या आधी तुम्ही. पुढे कित्येक वर्षे कचेरीतल्या मित्रांना तुम्ही सांगत राहिलात, “लेणी दाखवायला नेली, तर बाई नवस फेडून आली!” त्यांना चहा देताना आई पाय लुगड्यात ओढून घ्यायची. इतका हलका माणूस मी नंतरही कुठे पाहिला नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, आणि जाण्याची सोय असती तरी मी ते टाकले नसते. नातवाचा ताप उतरेना म्हणून काल चतुर्थीला मी राजूरच्या गणपतीला पायी गेलो. अनवाणी. तळवे अजून पोळत आहेत. वाटेत दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने स्कूटर थांबवली. “साहेब, अनवाणी? नवस बोलले का काय?”

मी म्हणालो, “छे. शौक.”

तुमचा धाकटा
जुना जालना, माघ वद्य पंचमी