निशिगंधाचं उत्तर

ठाकुर्ली, ३ ऑगस्ट २०२५

ती. शुभदाआत्यास,
अपूर्वचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

मागच्या बिल्डिंगमधली निशिगंधा आठवते ना? तिला दिसत नाही, म्हणून बीएच्या शेवटच्या परीक्षेला मी तिचा लेखनिक झालेलो. ती सांगणार, मी लिहिणार. सरांची कॉलर धरून कॉलेज सोडलं ते एकदा तरी कामी आलं. लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो. तिच्यावर माझा जीव आहे हे तुला वेगळं सांगायला नको, दिवाळीत तूच चिडवलेलंस.

राज्यशास्त्राच्या पेपरात प्रश्न नगरपालिकेवर होता. मी वाचून दाखवला. घाईत ती ग्रामपंचायतीवर बोलायला लागली. लेखनिकाने सुचवायचं नसतं. मी गप्प राहिलो आणि नगरपालिकेचं उत्तर माझ्या मनाने लिहून टाकलं. प्रत्येक वाक्यानंतर ती विचारायची, लिहिलंस का? मी हो म्हणायचो.

तिला फर्स्ट क्लास मिळाला. आता ती एमएला आहे, आणि कॉलेजातल्या नव्या अंध मुलांचा अभ्यासगट तीच चालवते. त्यांच्या लेखनिकांना सांगते, अपूर्वसारखं लिहा, एक शब्द इकडचा तिकडे नको.

आत्या, वागळे इस्टेटला कारखान्यात मशीनवर उभा असलो की मागून तिचा आवाज येतो. तेच ग्रामपंचायतीचं उत्तर, पहिल्यापासून. शेवटी विचारते, लिहिलंस का? परवा मी मोठ्याने हो म्हणालो. परशुराम मिस्त्री मशीन बंद करून माझ्याकडे बघत राहिला.

सांगितलं तर ती जाईल. काय करू?

राग कर, पण उत्तर टाक.
तुझा भाचा,
अपूर्व

कोपरी, ९ ऑगस्ट

चि. अपूर्वास अनेक आशीर्वाद.

कॉलर धरायला तुझा हात लगेच उठतो, कबुली द्यायला मात्र जीभ उचलत नाही. छान.

तीस वर्षं मी पेपर तपासले. चुकीच्या उत्तरावरही त्या मुलाचा हक्क असतो, रे. तू तिला मदत केली नाहीस. तिला खुर्चीतून उठवून स्वतः बसलास. आणि त्या खोट्यावर ती आता इतर मुलांना उभं करते आहे.

ती जाईल म्हणतोस. कदाचित जाईल. तरी सांग. आवाजाला घाबरून नको, तिच्यासाठी सांग.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे.
शुभदाआत्या

ठाकुर्ली, १७ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

सांगितलं. काल दुपारी, तिच्या घरी. मग तिने मी काय लिहिलेलं ते विचारलं. मी सांगितलं. चांगलं आहे, म्हणाली. माझ्या थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, कागद घे. प्राचार्यांच्या नावे अर्ज सांगायला लागली. ते उत्तर माझं नाही, निकाल रद्द करावा, मी दुसऱ्या लेखनिकासह पेपर पुन्हा देईन. तोवर अभ्यासगट दुसऱ्या कुणाकडे द्यावा. पुढे माझं पूर्ण नाव, आणि याने माझा विश्वासघात केला. मी शब्द न शब्द लिहिला. तिने वाचून दाखवायला लावलं. त्या वाक्यावर मी अडखळलो, तर म्हणाली, परत वाच. वाचलं.

सही कुठे करायची ते दाखवायला मी तिचा हात धरायला गेलो. तिने हात मागे घेतला आणि आईला हाक मारली.

आत्या, लोभ कमी करू नकोस.
अपूर्व