अळिवाचे लाडू आणि भेस्तानची गल्ली

सुरत,
संक्रांतीचा आदला आठवडा (तारीख उठून बघायचा कंटाळा आलाय)

तीर्थस्वरूप ताईस,

माधवीचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण हल्ली खाली वाकले की वर यायला परागचा हात लागतो, आणि तो बँकेत गेलाय. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून निम्म्या नंदुरबारला जागं ठेवतो? आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे पराग ठीक आहे आणि मी दमले आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण भाऊजी फोन स्पीकरवर टाकतात आणि मध्येमध्ये सल्ले देतात. पुढचा मजकूर सल्ल्यांना झेपण्यासारखा नाही, म्हणून पत्र. (भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर इथेच थांबा. थांबणार नाही, ठाऊक आहे.)

आमचं मराठी महिला मंडळ तुला माहीत आहेच. हळदीकुंकू आणि केकचे वर्ग यांवर सुखाने चाललं होतं, तर यंदा अध्यक्षीणबाईंना समाजकार्याची उबळ आली. भेस्तानला एका गल्लीत सगळी खानदेशातली कुटुंबं राहतात. पुरुष पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये जातात, बायका घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात. दिवाळी झाल्यावर तिथे रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि बहुतेक बायकांचं रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आहाराचं कोणीतरी समजावून सांगा म्हणाले. कोणीतरी म्हणजे मी. कारण मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि काम वाटून घेण्याच्या सभेला मी एकटीच गैरहजर होते.

मी तक्ता घेऊन गेले. पालेभाज्या, बाजरी, गूळ, वर लिंबू पिळा, लोखंडी कढई वापरा, आणि मुख्य म्हणजे जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे घसा फुटेपर्यंत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि व्याख्यान संपताच मला चहा दिला. नको म्हटलं तर ज्यांच्या घरी व्याख्यान झालं त्या मालतीबाई रुसल्या, म्हणून घेतला. मग शेजारीण म्हणाली, त्यांच्याकडे घेतलात आणि माझ्याकडे नाही का? अशी मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चहा पीत चहाविरुद्ध प्रचार केला. घरी आले तेव्हा पित्त उसळलेलं, आणि पराग विचारतो, चहा टाकू का? (मी चहाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला.)

या मालतीबाईंची मुलगी सोनाली, वय वीस. शिबिरात तिचं हिमोग्लोबिन सात निघालं, आणि तो आकडा ऐकता ऐकताच ती मटकन खाली बसली. ओठ पांढरे, जरा चाललं की धाप. हिचं लग्न तुमच्याच नंदुरबारच्या कुंदनशी ठरलेलं, सुपारी फुटलेली, वैशाखातला मुहूर्त. डॉक्टर मालतीबाईंना म्हणाले, आत्ताच भरून काढलं नाही तर उद्या बाळंतपणात जिवावर बेतेल. बाकीची गल्ली राहू दे, ही एक पोरगी मी उभी करणार, असं ठरवलं आणि घरी येऊन अळिवाचे लाडू वळले. अळिवात लोह भरपूर, गूळ आहे, नारळ आहे. डबा भरून सोनालीला दिला. रोज सकाळी गोळी, एक लाडू, वर लिंबूपाणी.

तुझ्या आत्तापर्यंत लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आपल्याकडे अळिवाचे लाडू बाळंतिणीशिवाय कोण खातं? पण विज्ञानाच्या बाईच्या डोक्यात त्या वेळी फक्त लोह होतं. पोरगी भाबडी, सकाळी नळावर नंबर लावून उभी राहायची आणि लाडू खायची. लाल लाल बिया दिसायला दुर्बीण लागत नाही. गल्लीने हिशेब मांडला. दिवाळीत ही चलथाणला मामाकडे राहून आली (मामा साखर कारखान्यात आहे), आली ती पांढरीफटक होऊन, आणि आता अळिवाचे लाडू खाते! त्यात लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळायला लागलं. एका सकाळी ती गटारीपाशी ओकली. झालं. म्हणजे चलथाणला बाळंत झाली आणि परत दिवसही राहिले. दोन्ही गोष्टी एकदम कशा होतील, असा प्रश्न त्या गल्लीत एकाही बाईला पडला नाही, आणि यांना मी आहारशास्त्र शिकवायला निघाले होते.

मालतीबाई माझ्या दारात येऊन रडल्या. "मॅडम, मन्ही पोर कुमारी शे, नि गल्ली बारसानं इचारी ऱ्हायनी!" मी तडक गेले आणि घरोघर समजावलं. त्याचा परिणाम असा झाला, की मॅडम एवढ्या खेपा घालताहेत त्या अर्थी केस अवघड आहे, असं ठरलं. मग मी सगळ्या बायकांसाठी लाडू करून नेले, म्हणजे सगळ्यांनी खाल्ले की एकटीचं नाव राहणार नाही. एकीनेही हात लावला नाही. मालतीबाईंनी मात्र मुलीसाठी छातीठोकपणे सगळ्यांसमोर एक खाल्ला, तर संध्याकाळपर्यंत या वयात मालतीबाईंनाही काहीतरी आहे, अशी बातमी फिरली. उरलेले लाडू सोनालीच्या वडिलांनी आणि मिलमधली पाळी संपवून आलेल्या इतर पुरुषांनी ओट्यावर बसून संपवले, आणि चांगले झालेत म्हणाले. एकाही पुरुषाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुरुषाने काहीही खावं, त्याचं काही होत नाही. बायकांसाठी केलेलं लोह असं पुरुषांच्या अंगी लागलं, आणि त्यांचं रक्त कोणी तपासलंही नव्हतं. खरं सांगते ताई, तिथेच तक्ता टाकून निघून यावंसं वाटलं.

इकडचं हे असं आहे. मी अजून दर रविवारी लाडू वळते. दुकानदार अळीव बांधताना विचारतो, "बेन, घरमां कोनी डिलिवरी?" आणि मी चोपन्न वर्षांची बाई खाली मान घालून पैसे देते. भाऊजींना खोकल्यावर ज्येष्ठमध दे. तुझ्या आशीर्वादाची गरज आहे, आणि त्याहून झोपेची.

तुझी थकलेली,
माधवी

ता. क. : एवढं लांबण लावलं ते यासाठी. बातमी नंदुरबारला पोचली. कुंदनची आई अनुसयाबाई, तुझ्या मागच्याच गल्लीत राहतात, त्यांनी निरोप धाडला की तूर्त लग्नाची खरेदी थांबवा. त्यांची धाकटी तुझ्या हाताखाली शिकली आहे, तुझा शब्द त्या मोडणार नाहीत. तू स्वतः लाडू करून त्यांच्याकडे जा आणि त्यांच्यासमोर खा. भाऊजींनाही खायला लाव. निवृत्त हेडमास्तर अळिवाचा लाडू खाताना पाहिल्यावर तरी त्यांचा संशय फिटेल. जमलं तर उद्याच जा.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात सोनाली आली. आमचा तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि ती एका दमात चढून आली. मी दार उघडलं तेव्हा तिला धापसुद्धा लागली नव्हती. म्हणाली, "मॅडम, लाडू बंद नका करू. मला आता चक्कर नाही येत. कुंदनला मीच फोन केला. तो बोलला, लाडू सोड, मग मम्मी मानेल. मी बोलली, नाही सोडणार, तुझ्या घरी येऊन पण खाईन, सगळ्यांसमोर खाईन. मम्मीला काय सांगायचं ते तू सांग. हो तर हो, नाही तर नाही, चालशे." मी तिला जवळ घेतलं आणि चक्क रडले. तेव्हा वरची विनंती रद्द. अनुसयाबाईंकडे जाऊ नकोस, भाऊजींनाही लाडू देऊ नकोस. मुलगी आपल्या तोंडाने बोलली, आता मुलगा आपल्या तोंडाने काय बोलतो ते बघू. तू फक्त चांगला निवडलेला अळीव पाठव. वैशाखात मला ती पोरगी ताठ उभी दिसली पाहिजे. मांडवात की मांडवाबाहेर, ते तिचं ती बघेल.