बाभळीची काटी आणि त्रेपन्न कुलपे

मी अमरसिंग गुलाबसिंग आडे, वय एकोणसत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार मानोरा, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाशिवाय आणि कोणी न सांगता लिहून ठेवतो. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा वाशीमला जाऊन मशीनवर रक्त धुऊन आणतो. डोके ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते ठीक नसते तर बरे झाले असते.

कलम १. माझ्या घराच्या मागच्या तीन खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते मुलगा वीरेंद्र याला. तो पुण्याला असतो. फोनवर मला म्हणाला, "बाबा, जुनं झालं ते. समद्यायनंच तसं केलं असन." बाप सुटावा असे त्याला वाटते, म्हणून त्याच्यावर राग नाही. पण मला सुटायचे नाही.

कलम २. रस्त्याकडची पुढची खोली आमच्या तांड्यासाठी. ती तांड्याची आशा सेविका रेणू पवार हिने विश्वस्त म्हणून सांभाळावी. आमची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मे महिन्यात परततात. जाण्याआधी प्रत्येक घराने आपली नावे, फोन नंबर आणि कागद या खोलीत ठेवावेत. गरिबी मोजायला कोणीही आले, कोणत्याही महिन्यात आले, तरी रेणूने त्यांना इथे आणावे. या खोलीला कधीही कुलूप लावू नये.

कलम ३. असे का, ते आता लिहितो.

सन २००३ च्या जानेवारीत दारिद्र्यरेषेच्या पाहणीसाठी माझ्याच तांड्याची चौऱ्याण्णव घरे मला दिली होती. तेरा प्रश्न होते: अंगावर कपडे किती, जेवण किती वेळा, आणि असेच. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. एक्केचाळीस घरे उघडी होती. त्रेपन्न बंद. बंद घरासाठी माझ्या यादीत दोन शेरे होते: 'कुलूपबंद' किंवा 'पुन्हा भेट आवश्यक'. पुन्हा भेट म्हणजे मे महिना, आणि कागद जानेवारीअखेर द्यायचे होते. 'कुलूपबंद' घर मोजणीतून गळते. मी त्रेपन्न वेळा 'कुलूपबंद' लिहिले.

खोटे नेमके इथे आहे. त्या एकाही दाराला कुलूप नव्हते. तांड्यात उसाच्या फडावर जाताना दारात बाभळीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी लावतात, कुत्रे शिरू नये म्हणून. कुलूप विकत आणावे असे आत काहीच नसते. माझी आई जन्मभर तीच काटी लावत आली. फडावर निघताना ती काटी मी स्वतः ओढून दिली आहे. काटीचा अर्थ मला माहीत नव्हता असे कोणी म्हणू नये.

त्याआधी, १९९७ ला, तांड्यात गरीब कुटुंबे शंभरात पंचाहत्तर होती. माझ्या कागदावर ती तेवीस झाली. गरिबी कमी झाली नव्हती, ती ट्रकमध्ये बसून उसाच्या फडावर गेली होती.

कलम ४. प्रजासत्ताकदिनी वेळेआधी काम केल्याबद्दल मला शाल आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. घड्याळ भंगारात द्यावे. शाल माझ्यासोबत जाळावी.

कलम ५. माजी सरपंच उदयसिंग याला काही देत नाही. पाहणीच्या दिवशी त्याचा ट्रॅक्टर शेलूबाजारला सासऱ्याच्या वाड्यात उभा होता आणि तो फाटके बनियन घालून ओट्यावर बसला होता. म्हणाला, "लिवा मास्तर, पाहून राह्यले ना माही हालत!" मी लिहिले. तो गरीब ठरला. माझ्या तिरडीला त्याने खांदा देऊ नये.

कलम ६. लखीराम आडे हा माझा चुलतभाऊ. त्याचे घर त्रेपन्नांपैकी एक. २००९ ला त्याच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात गरिबांचे पिवळे कार्ड मागितले, यादीत नाव नसल्याने याच्याकडे केशरी. चार महिन्यांत तो गेला. दहाव्याला त्याची बायको रामीबाई सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मास्तर, आमच्या घराले कुलूप कवा होतं वो? ते तुमीच लावलं. आता चाबी कोठं हाये, ते तरी सांगा."

मी खाली मान घालून जेवलो. वहिनी आज सहासष्ट वर्षांची आहे आणि अजून फडावर मोळ्या बांधते.

कलम ७. २००३ च्याच मे महिन्यात मी एकटा तांड्यावर गेलो आणि त्रेपन्न घरांना तेच तेरा प्रश्न विचारले. एकोणपन्नास कुटुंबे गरीब निघाली. वही पाहणीच्या साहेबांकडे नेली. ते म्हणाले, "पाहणी संपली, मास्तर." तेव्हापासून दर मे महिन्यात मी ही घरे मोजत आलो. यंदाची वही तेविसावी. आज त्यांतली सहा घरे पडलेली आहेत, अडतीस गरीब आहेत. कमी झाली म्हणून समाधान मानावे, तर पडलेल्या सहांत कोणी मोजायला उरलेले नाही. या तेवीस वह्या रेणूला.

कलम ८. यादी दुरुस्त करावी म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्हींची पोच आहे, उत्तर नाही. म्हणून हे मृत्युपत्रात लिहितो आहे. दस्तलेखक सादिक शेख म्हणाला, "मास्तर, याच्यात जायदाद लिवतेत, गुन्हे नाही."

मी म्हणालो, "गुन्हा माझाच आहे, स्वकष्टार्जित. लिही."

"वारस कोण लावू त्याले?"

सादिकने टायपिंगचे मशीन थांबवले आणि चहा सांगितला.

अर्ज रद्दीत जातो, नोंदलेला दस्त सरकारला जपावा लागतो. येत्या डिसेंबरात पुन्हा पाहणी होणार असे ऐकतो. पुन्हा तोच फडाचा हंगाम! हे वाचणाऱ्या साहेबांच्या मी पाया पडतो. मे महिन्यात या. ते जमत नसेल तर माझ्या पुढच्या खोलीत या. तेही जमत नसेल तर एवढेच करा, एक नाव लिहा: रामीबाई लखीराम आडे. तिचे नाव यादीत बघून मरावे अशी माझी इच्छा होती. ते होईल असे आता वाटत नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो खरा आहे. २००३ च्या कागदावरही मी हेच लिहून सही केली होती. या वेळी मात्र खरा आहे.

ठिकाण: मानोरा
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५
सही: अमरसिंग गुलाबसिंग आडे

साक्षीदार १: सादिक शेख, दस्तलेखक, मानोरा. सही.
साक्षीदार २: राजपाल जाधव, निवृत्त शिक्षक, मानोरा. सही.
साक्षीदार ३: रामीबाई लखीराम आडे. अंगठा:

(तिसरी जागा मी मुद्दाम ठेवली होती. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, कालच येऊन गेला. आज सकाळी रेणू शाईचा पॅड घेऊन तांड्यावर गेली होती. तिने येऊन सांगितले ते माझ्या हाताने लिहितो. घर बंद. कुलूप नाही. बाभळीची काटी लावलेली. पुन्हा भेट आवश्यक.)