फरशी गार आहे म्हणे

९ डिसेंबर, नळदुर्ग
उपाशीपोटी साखर पुन्हा चढलेली. डॉ. म्हणाले, "महिनाभर बघू, नाहीतर इन्सुलिन." थोरल्या दादांचंही साखरेचं असंच बघू-बघू चाललं होतं. मग पाय गेला.
पेपरसाठी मजकूर लिहिला: सौम्य थंडीत अंगातली तपकिरी चरबी पेटते, साखर जाळते. स्वतःच्या बातमीवर विश्वास ठेवणारा मी पहिलाच वार्ताहर असेन.

१२ डिसें.
सकाळी ओसरीत, बनियनवर, अनवाणी. दात वाजले.
सौ.: "अवो, येड लागलं का? लोक म्हणतील, बायकोनं हाकललं."
"तपश्चर्या चालू आहे, देवी."
"मग हिमालयात जावा. हितं दूधवाला बघायलाय."

१७ डिसें.
साखर किंचित खाली! भूक मात्र लई. तिसरी भाकरी मागितली तर सौ.नं टोपलंच उचललं.

२१ डिसें.
पुन्हा वर. डॉ. फोनवर: पहाटे संप्रेरकंच यकृताला साखर सोडायला लावतात, कुडकुडलात तर आणखी. म्हणजे आतला कारखाना कोंबड्याआधी सुरू, मालकाला न विचारता. लेखात हे नव्हतं. लेख माझाच.
तरी बसतोय. दुसरं काय करू…

२६ डिसें.
कडाका. सौ. चहा घेऊन आली, शहाबादी फरशीवर पाऊल टेकताच "आई गं!" करून उंबऱ्यात परत. मला काहीच नाही.
"गार लागत न्हाय व्हय तुमाला?"
"स्थितप्रज्ञ झालो." अंग सरावलं म्हणून खूश होतो.
ती हसली नाही. पायाशी बसली. मी चहा पीत राहिलो.
"म्या चिमटा काढला," म्हणाली.

२८ डिसें.
डॉ.: "डोळे मिटा. तळव्याला दोरा टेकला की 'हो' म्हणा."
वाट बघत बसलो. वाटलं, अजून सुरुवात व्हायचीय. डोळे उघडले तर दोन्ही पाय तपासून झालेले. सौ. भिंतीकडं तोंड करून.
थंडीनं नाही, साखरेनं. नसा बधिर झाल्यात. बऱ्याच आधीपासून.
"परत येईल का जाणीव?"
"अनवाणी चालू नका."
हे उत्तर त्या प्रश्नाचं नव्हे. वार्ताहराला एवढं कळतं.

३० डिसें.
इन्सुलिन सुरू. आता सौ. रोज उन्हात बसवून तळवे बघते, काटा-खडा रुतला का. मग तेल लावते.
आज डोळे मिटून घेतले. थोडं थांबून म्हणालो, "हो. लागतोय हात. ऊन ऊन."

"अजून लावलाच न्हाय," म्हणाली.